डॉक्टर मॅडम, त्या फुंकरीबद्दल

डॉक्टर मॅडम, सप्रेम नमस्कार.

आज पट्टी काढली. ३ जवळजवळ गेलाय, ० ची नुसती कड राहिलीय, ७ चं वळण मात्र अजून दिसतंय. तुम्ही म्हणालात माझं नाव कुठं टाकू नकोस, म्हणून टाकत नाही, पण हे लोकांनी वाचावं असं मला फार वाटतंय. भाचा टाईप करतोय, मी बोलतोय, वाक्यं लांबली तर सांभाळून घ्या.

ज्यांना माहीत नाही त्यांना सांगतो. माझ्या उजव्या हातावर, मागच्या बाजूला, बोटांच्या जरा खाली ३०७ गोंदलेलं होतं. कलम ३०७, आमच्या गल्लीत ज्याला हाफ मर्डर म्हणतात ते. मी बावीस वर्षांचा होतो, शिक्षा लागलेली, बॅरकमध्ये माझ्याच वयाची पोरं असले आकडे हातावर मिरवायची, मीही करून घेतला. जळक्या रबरी चपलेची काजळी आणि शिवायची सुई, तीच सुई पाचसहा जणांना. ज्याला मी मारलं तो वाचला ही देवाची कृपा. सुटल्यावर त्याच्या घरी जाऊन माफी मागितली, त्यांनी दिली नाही, आणि त्यांचं बरोबर आहे.

माझ्या आईच्या कपाळावर आणि दोन्ही हातांवर हिरवं गोंदण आहे, लग्नाआधी जत्रेत गोंदणारणीकडून काढलेलं. आमच्याकडं म्हणतात, मेल्यावर सोनंनाणं सगळं इथंच राहतं, सोबत फक्त गोंदण येतं. मी सुटून आलो त्या दिवशी तिनं माझा हात हातात घेतला, आकड्यावरून अंगठा फिरवला आणि एवढंच म्हणाली, हे वर घेऊन जाणार का रे तू? तेव्हापासून मला ते काढायचंच होतं. नोकरीचं नंतर आलं, आधी हे.

नोकरीचंही झालंच. सातपूरला एका कंपनीच्या गेटवर ठेकेदारानं सगळे कागद बघितले, चांगलं बोलला, सही करायला मी पेन धरलं आणि त्याला हात दिसला, मग उद्या फोन करतो म्हणाला, तो उद्या काही आला नाही. मग पाण्याचे जार पोचवायला लागलो, तिसऱ्या मजल्यावर दोन दोन जार घेऊन चढायचो, तिथल्या एका ताईंनी मालकाला फोन केला की दुसरा पोरगा पाठवा. मी त्यांना दोष देत नाही, घरात त्या एकट्या असायच्या. पण त्या दिवसापासून मी उन्हाळ्यातसुद्धा लांब बाह्यांचा शर्ट बोटांपर्यंत ओढून घालायला लागलो.

एका मोठ्या स्किन क्लिनिकमध्ये पण गेलो होतो. काचेचं दार, एसी, काउंटरवरच्या मुलीनं माझा हात बघून आधी स्वतःची पर्स आत सरकवली आणि मग रेट सांगितला, एका सिटिंगचे चार हजार, सिटिंग किती लागतील ते डॉक्टर सांगतील, त्यांची फी वेगळी. माझा महिन्याचा पगार नऊ हजार. पैशाचं मला वाईट वाटलं नाही, मशीन महाग असतं हे मलाही कळतं. पर्सचं वाटलं. मग सुटलेल्या लोकांना मदत करायची म्हणून जे ऑफिस आहे तिथं गेलो, तिथले साहेब म्हणाले शिलाई मशीनची योजना आहे, हात पुसायची योजना नाही, आणि हसले, ते हसले म्हणून बाकीचे पण हसले. मी जिना उतरेपर्यंत ऐकू येत होतं.

त्यानंतर कुणीतरी सांगितलं बिब्बा लाव. लावला. बिब्बा असा उतला की मनगटापर्यंत फोड आले, आठवडाभर भाकरी मोडता येईना, कातडी निघाली आणि आकडा खालून तसाच वर आला.

तुमच्याबद्दल मला आमच्या न्हाव्यानं सांगितलं. पहिल्यांदा आलो तेव्हा हात खिशातच होता. तुम्ही विचारलं नाही की काय केलं होतंस. बिब्ब्याचा डाग बघून मात्र रागावलात, आणि किती दिवसांनी माझ्यावर कुणीतरी माझ्यासाठी रागावलं होतं. एकच सुई सगळ्यांना वापरली म्हटल्यावर आधी एचआयव्ही आणि कावीळ बी, कावीळ सी ह्यांच्या तपासण्या करायला लावल्यात, हे मला इतक्या वर्षांत कुणी बोललं नव्हतं, रिपोर्ट येईपर्यंत मला झोप नव्हती, सगळे चांगले आले. पैशाचं विचारलं तर म्हणालात, मशीन माझं आहे, वेळ माझा आहे, तुला काय त्याचं.

आणि समजावून सांगितलंत, घाईत नाही, कागदावर चित्र काढून. लेझरनं शाई पुसली जात नाही, तिचे बारीक बारीक तुकडे होतात आणि मग अंगातल्या पेशीच ते हळूहळू वाहून नेतात, म्हणून दोन सिटिंगमध्ये सहा ते आठ आठवडे थांबायचं. आपली कातडी सावळी, जोर जास्त लावला तर पांढरे डाग राहतात, म्हणून बेतानं. काजळीचं काळं गोंदण दुकानातल्या रंगीत टॅटूपेक्षा लवकर जातं हे पण तुम्हीच सांगितलंत, त्या दिवशी मला पहिल्यांदा हायसं वाटलं. अमेरिकेत लॉस एंजेलिसला फादर ग्रेग बॉयल आहेत, त्यांनी १९८८ साली सुरू केलेल्या कामातून होमबॉय इंडस्ट्रीज उभी राहिली, तिथं गँग सोडलेल्या पोरांचे टॅटू फुकट काढून देतात, डॉक्टर आपला वेळ देतात, तेही तुम्ही सांगितलंत. इतक्या लांब माझ्यासारखी पोरं हात पुढं करून रांगेत बसतात, हे डोक्यातून जात नाही.

पण मला आभार मानायचेत ते ह्या कशाचेच नाहीत, म्हणजे आहेतच, पण आधी दुसऱ्या गोष्टीचे.

पहिलं सिटिंग. सकाळपासून लाइट नव्हती, दुपारी आली तेव्हा फ्रीजमधल्या बर्फाचं पाणी झालेलं. थांबतोस का म्हणालात, मी म्हटलं नाही, आजच करा. डोळ्यांवर तो बंद चष्मा, काही दिसत नाही, नुसता चटचट आवाज, तापल्या तेलाचे शिंतोडे उडावेत तसं हातावर, आणि जळक्या केसांचा वास. मी दात आवळून पडलो होतो. मध्येच हातावर गार वाटलं. मला वाटलं पंखा. मग कळलं, पंखा नाही, तुम्ही वाकून फुंकर घालत होतात. दोनदा घातलीत आणि एकदम थांबलात, म्हणालात, अगं बाई, फुंकर घालायची नसते रे, जंतू जातात, पोरं लहान असताना लागलेली सवय.

मॅडम, त्या आकड्यावर. गुडघा फुटला होता तेव्हा आईनं घातली असेल तेवढीच, मी आठ वर्षांचा असेन. चष्म्याच्या आत मी रडलो, तुम्ही बघितलंत आणि काही बोलला नाहीत, नुसता चष्मा काढायला जरा वेळ लावलात. तेही माझ्या लक्षात आहे. चष्मा काढल्यावर बघितलं तर आकडा पांढरा होऊन फुगला होता, खडूनं लिहिल्यासारखा.

१ जुलै २०२४ पासून जुनं दंडविधानच गेलं, ३०७ चं कलम नव्या संहितेत १०९ झालं. कायद्यानं आकडा बदलला तरी माझ्या हातावर तो तसाच होता, तो काढायला माणूसच लागलं. चांगली माणसं म्हणजे कुणी फार मोठी, असं मला आधी वाटायचं. तसं नसतं, समोरच्याचं दुखतंय हे ज्याला आधी दिसतं आणि बाकीचं नंतर, तो. तो न्हावी पण त्यातलाच, माझी दाढी करताना त्याचा हात कधी थरथरला नाही.

आता मी परत जारच पोचवतो, दुसऱ्या मालकाकडं. बाह्या दुमडतो. परवा एका आजींनी पाण्याचे पैसे देताना माझ्या तळहातावर लाडू ठेवला, मी हात मागं घेतला नाही.

पुढच्या गुरुवारच्या नाही, त्या नंतरच्या तारखेला आई पण येते म्हणतेय. कुरडया काढून ठेवल्यात तुमच्यासाठी, नाही म्हणू नका, तिला वाईट वाटेल. आणि लाइटचा काही भरवसा नाही, बर्फ मी घेऊन येतो.

तुमचा,
गुरुवारचा पेशंट