गाळाचा आकडा ओला की सुका?

महोदय,

नागपूरच्या भांडेवाडीत शुद्ध झालेले सांडपाणी कोराडीच्या वीज केंद्राला जाते, याचे कौतुक व्हायलाच हवे. पण मागे उरलेल्या गाळाबद्दल फारसे कुणी विचारत नाही. जिवाणू सांडपाण्यातली घाण खातात, धातू नाही. शिसे, तांबे, क्रोमियम यांचा मोठा वाटा गाळात बसतो. निकेल तेवढे हट्टी. त्यातले बरेचसे पाण्याबरोबर पुढे निघून जाते.

असा कुठलाही गाळ खत म्हणून शेतात जाणार असेल, तर अहवालातला आकडा ओल्या वजनावर आहे की सुक्या, हे आधी पाहावे. समजा, कॅडमियम किलोमागे १.२ मिलिग्रॅम लिहिले आहे. शहरी कचऱ्याच्या कंपोस्ट खताची मर्यादा ५, म्हणजे पास! पण तो आकडा ८० टक्के पाणी असलेल्या गाळाचा असेल, तर सुक्या वजनावर तो ६ होतो आणि तोच गाळ नापास ठरतो. मर्यादा सुक्या वजनावरच धरलेली आहे : शिसे १००, क्रोमियम ५०, निकेल ५०, पारा फक्त ०.१५.

दुसरी चूक नमुना कधी घेतला याची. डायजेस्टरमध्ये, म्हणजे जिवाणू गाळ कुजवून वायू करतात त्या बंद टाकीत, १०० किलो सुका गाळ गेला, त्यात ७० किलो सेंद्रिय; त्यातला निम्मा वायू होऊन गेला की उरतात ६५ किलो. धातू मात्र तेवढाच. आत जाताना ४ असलेले कॅडमियम बाहेर येताना ६ च्या वर जाते. म्हणून नमुना शेतकऱ्याला द्यायच्या ढिगातूनच घ्यावा, तोही दहा-बारा ठिकाणांहून, वरून आणि आतून. पाऱ्यासाठी वेगळा भाग काढून ठेवावा; नमुना सुकवायच्या १०५ अंशांच्या ओव्हनमध्ये पारा उडून जातो आणि अहवालात सोयीस्कर ‘आढळला नाही’ येते. बागेचा पाला मिसळून आकडा खाली आणणे हा तर निव्वळ हिशेबाचा खेळ, शेतात जाणारा धातू तेवढाच राहतो.

खरा उपाय गटाराच्या तोंडाशी आहे. धातूचा मुलामा देणाऱ्या कारखान्याने क्रोमियमचे पाणी आधी आम्ल घालून पीएच (आम्लतेचे माप) २ ते २.५ वर आणावे, सोडियम मेटाबायसल्फाइटने पाण्यात विरघळून राहणाऱ्या सहासंयुजी क्रोमियमचे, चुन्याने खाली बसणारे त्रिसंयुजी क्रोमियम करावे, मग चुन्याने पीएच ८.५ च्या आसपास नेऊन साका बसवावा. थेट चुना टाकला तर पिवळे पाणी पिवळेच राहते. निकेलला मात्र पीएच १० लागतो, म्हणून दोन्ही पाणी एकाच टाकीत घेतले की एक धातू निसटतोच. सायनाइडचे पाणी तर या आम्लाच्या टाकीजवळही नेऊ नये, विषारी वायू सुटतो.

आपली काळी माती चुनखडीची, धातू बराच धरून ठेवते. पण पालकासारखी पालेभाजी कॅडमियम ओढतेच. तेव्हा गाळ वाटणाऱ्या प्रत्येक केंद्राच्या फाटकावर त्या खेपेचा अहवाल लावावा : पाण्याचे टक्के, नमुन्याची तारीख आणि सुक्या वजनावरचे आकडे.

— एक वाचक, नागपूर