आजचे ठोके किती?

ती. आई-बाबा,
सा. न. वि. वि.

माझ्या हृदयावरचा उपचार झाल्यापासून फोनवर आईचा आवाज भरून येतो आणि बाबा "आजचे ठोके किती?" एवढं विचारून फोन ठेवायच्या तयारीत असतात. सांगायचं ते राहूनच जातं, म्हणून पत्र लिहितेय. दादाला मोठ्या अक्षरात छापून आणायला सांगितलंय. बाबा, आईला वाचून दाखवा, पण नको वाटणारा मजकूर गाळू नका. तुमची ती सवय मला ठाऊक आहे.

परवा तुम्ही म्हणालात, "सगळं उत्तम झालं म्हणून डॉक्टरांनी घरी सोडलं, मग ठोके परत का चुकतायत?" तुमचा आवाज चढला होता. डॉक्टरांवर की माझ्यावर, ते कळलं नाही. पण प्रश्न बरोबर होता. घरी आल्यावर पहिल्यांदा रात्री धडधड सुरू झाली तेव्हा माझ्याही मनात तोच आला होता.

आधी झालं काय ते नीट सांगते, कारण आईनं आत्याला "हिची छाती उघडली" असं सांगितलंय. छाती उघडलेली नाही. जांघेतल्या शिरेतून बारीक नळ्या हृदयापर्यंत नेल्या आणि आतून चटक्यासारखे डाग दिले, त्याला ॲब्लेशन म्हणतात. जांघेत काळंनिळं झालं होतं, तेही गेलं. माझ्या हृदयाच्या वरच्या कप्प्यात मिनिटाला तीनशे-चारशे नि त्याहूनही जास्त वेळा, कसलाही ताळमेळ नसलेले विजेचे झटके उठायचे. खाली त्यातले काहीच पोचायचे, तेही वेडेवाकडे. एएफ, म्हणजे एट्रियल फिब्रिलेशन, म्हणतात ते हेच. झटके उठतात कुठून, हे फ्रान्समधल्या बोर्दो शहरातल्या डॉक्टर हाइसागेर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये दाखवलं. त्यांनी ४५ रुग्ण तपासले. झटक्यांची जी मुळं सापडली त्यातली ९४ टक्के फुप्फुसांकडून हृदयात रक्त आणणाऱ्या शिरांमध्ये होती. तेव्हापासून या शिरांच्या तोंडाभोवती गोल डाग द्यायचे आणि तिथला झटका आत येऊ द्यायचा नाही, असा उपचार रूढ झाला. माझं तेच झालं.

आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर. डाग ताजा असतो तेव्हा भोवतालचा भाग सुजतो, चिडतो. त्या सुजेतूनच नवे झटके उठतात. डागाचा पक्का व्रण व्हायला आठवडे लागतात. तुमची सगळी नोकरी पाटबंधाऱ्यात गेली, तुम्हाला मी काय सांगायचं? कोयनेचा विसर्ग कमी केला म्हणून सांगलीत आयर्विन पुलाखालचं पाणी त्याच घटकेला उतरत नाही. उलट मधल्या वेळात पट्टीवर चढलेलंही दिसतं. गल्लीतले लोक सामान माडीवर न्यायला लागतात तेव्हा तुम्हीच दारात उभे राहून सांगता, वरून सोडायचं कमी झालंय, उद्यापर्यंत थांबा. मलाही तसंच थांबायला सांगितलंय.

या थांबण्याच्या काळात ठोके बिघडले तरी डॉक्टर ते उपचाराच्या यशापयशात धरतच नाहीत. पूर्वी हा काळ तीन महिन्यांचा मानत. २०२४ मध्ये निरनिराळ्या देशांच्या हृदयतज्ज्ञांच्या संघटनांनी मिळून तो आठ आठवड्यांवर आणला. आमचे डॉक्टर अजून तीन महिनेच धरतात. मला त्यांचं पटतं, घाई करण्यात काय मिळणार आहे? या काळात धडधड झालेल्या कितीतरी लोकांची ती पुढे आपोआप थांबते. काहींची थांबत नाही आणि त्यांना दुसऱ्यांदा डाग द्यावे लागतात, हेही खरं आहे. तशी वेळ आली तर देऊ. पण आज कुणीही, अगदी डॉक्टरसुद्धा, निकाल सांगू शकत नाही. तुम्ही रोज सकाळी जो आकडा मागता तो निकाल नसतो.

आणखी एक. माझे बसल्याजागचे ठोके आधी पासष्टच्या आसपास असायचे, आता ऐंशीच्या पुढे असतात. ते ऐकून तुम्ही "ताप तर नाही ना?" असं विचारलंत. ताप नाही. त्या शिरांच्या आसपास हृदयाचा वेग कमी ठेवणाऱ्या नसांच्या गाठी असतात, डाग देताना त्यांनाही धग लागते. काही महिने वेग थोडा जास्त राहतो आणि त्यानं बिघडत काही नाही.

रात्री काय होतं ते आईला सांगायचंय, कारण आई दर वेळी विचारते आणि मी "काही नाही गं" म्हणते. आई, दोन प्रकार असतात. एक म्हणजे मध्येच ठोका चुकतो, क्षणभर छातीत काहीच नाही आणि मग एक जोरदार ठोका घशापर्यंत लागतो. मला वाटायचं, हृदय थांबलं आणि धक्क्यानं परत चालू झालं. असतं उलटं. एक ठोका वेळेआधीच पडून जातो, तो जाणवत नाही. मग हृदय जरा जास्त विसावतं, तेवढ्यात रक्त जास्त भरतं, म्हणून पुढचा ठोका जोरात लागतो. हे समजलं त्या रात्रीपासून मला झोप लागायला लागली. हे असे सुटे ठोके धडधाकट माणसालाही पडतात, त्याला कळत नाहीत एवढंच. मी मात्र छातीवर कान लावून बसलेली, त्यामुळे मला सगळे कळतात.

दुसरा प्रकार धडधडीचा. ती सुरू झाली की थांबेपर्यंत ठोके वेडेवाकडे आणि भरभर पडत राहतात. कधी थोड्या वेळात थांबते, कधी तासन्‌तास चालते. तेव्हा मी उठून बसते, कारण डाव्या कुशीवर ठोके जास्त जाणवतात. पाणी पिते, घरात सावकाश फेऱ्या मारते, श्वास सोडताना जास्त वेळ घेते. यानं एएफ थांबतं असं नाही, पण भीती उतरते. भीतीनं ठोके आणखी वाढतात आणि ते वाढले की भीती वाढते. तेवढं चक्र मोडलं की बाकीचं सोसता येतं. सुरुवातीला हे उठायचे, दिवा लावायचे आणि माझ्याकडे बघत बसायचे. त्यांना म्हटलं, दिवा बंद करा आणि काहीतरी बोला. आता ते ऑफिसातल्या बदल्यांचं पुराण लावतात. इतकं कंटाळवाणं असतं की मला त्यातच झोप लागते.

जोरजोरात खोकला की हृदयविकार टळतो, हा आईनं पाठवलेला व्हॉट्सॲपवरचा संदेश कृपा करून पुढे कुणाला पाठवू नका. त्यावर विसंबून कुणीतरी दवाखान्यात जायचं टाळेल. तोंडावर गार पाणी मारण्याचंही तसंच. धडधडीच्या दुसऱ्या एका जातीत त्याचा कधी कधी उपयोग होतो, माझ्या जातीत होत नाही.

आई, तू दादाबरोबर धाडलेली अर्जुनाची साल डब्यात तशीच आहे. टाकलेली नाही, पण काढा केलेला नाही आणि करणारही नाही. माझं रक्त पातळ ठेवायची गोळी चालू आहे, तिच्याबरोबर कुठलाही काढा डॉक्टरांना विचारल्याशिवाय घ्यायचा नाही. अंग दुखलं तरी डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन वगैरे चालत नाही, रक्तस्राव व्हायची भीती असते. पॅरासिटामॉल चालतं. ही गोळी इतकी महत्त्वाची का, तर वरचा कप्पा नीट आकुंचन पावत नाही तेव्हा त्याच्या डाव्या बाजूच्या एका खिशात रक्त साचून गुठळी होऊ शकते, आणि ती मेंदूत गेली तर अर्धांगवायू. डाग दिल्यावरही निदान दोन महिने ती चुकवायची नाही, ठोके सुरळीत पडत असले तरी. पुढे बंद करायची की नाही तेही ठोक्यांवर ठरत नाही. वय, रक्तदाब, साखर, आधी अर्धांगवायूचा झटका येऊन गेलाय का, यांवर ठरतं. मला रक्तदाब आहे, तेव्हा कदाचित चालूच राहील. तुमची रक्तदाबाची गोळी कित्येक वर्षं चालू आहेच की, बाबा.

शेजारच्या काकूंनी तुला पालेभाजी जपून खायचं जे सांगितलं ते त्यांच्यापुरतं बरोबर आहे. काकांची झडप बदललेली आहे, त्यांना रक्त पातळ ठेवायला ॲसिट्रॉम नावाची गोळी असते. त्या गोळीला पालेभाजी कमीजास्त झालेली चालत नाही, म्हणून त्यांना सारखं रक्त तपासावं लागतं. माझी गोळी वेगळी. सकाळ-संध्याकाळ घ्यायची, बाकी मी सगळं खाते. उपास मात्र सध्या बंद. पाणी कमी पडलं, शरीरातलं पोटॅशियम घसरलं की ठोके चुकायला तेवढं निमित्त पुरतं. तुझा सांगलीच्या गणपतीचा नवस मी फेडीन, पण जेवून.

आता तुझ्या मनातलं, जे तू मला बोलली नाहीस पण वहिनीला बोललीस. लहानपणी माझा घसा सारखा धरायचा, टॉन्सिल सुजायचे, तेव्हा तू हळद-मिठाच्या गुळण्यांवर भागवलंस, म्हणून हे झालं असं तुला वाटतं. घशाच्या आजारानंतर सांधे सुजून ताप येतो, तो हृदयाच्या झडपेला धरतो आणि पुढे अनेक वर्षांनी एएफ होतं, हे खरंच होतं. आपल्याकडे तसे रुग्ण खूप आहेत. पण माझं तसं नाही. इकोमध्ये, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, माझ्या झडपा स्वच्छ दिसल्या आहेत. डॉक्टरांना मी मुद्दाम विचारलं, त्यांनी स्क्रीनवर झडप उघडताना-मिटताना दाखवली. माझं कारण रक्तदाब, वाढलेलं वजन आणि घोरणं. झोपेत श्वास अडकायचा आणि मी ते वर्षानुवर्षं हसण्यावारी नेत होते. थायरॉइडही तपासलं, ते ठीक आहे. आई, तुझ्या गुळण्यांचा यात काडीचा संबंध नाही. हा परिच्छेद बाबांनी दोनदा वाचावा.

काळजी कधी करायची तेही लिहिते, म्हणजे उरलेल्या वेळी करायला नको. पुलापाशी ४० फुटांना इशारा आणि ४५ ला धोका, तशा खुणा मलाही आखून दिल्यात. बसल्याजागी ठोके १२० च्या वर जाऊन काही तास उतरलेच नाहीत, तर डॉक्टरांना फोन. चक्कर येऊन पडले, छातीत दुखलं, दम लागला, तोंड वाकडं झालं, हात उचलेना, बोलणं अडखळलं, तर फोनसुद्धा नाही, थेट १०८. आणि एक फार क्वचित होणारी गोष्ट, पण आठवड्यांनंतरही होऊ शकते म्हणून यांनी फ्रिजवर लिहून लावली आहे. ताप आला किंवा गिळताना त्रास झाला, तर जवळच्या दवाखान्यात औषध घेत बसायचं नाही. जिथं डाग दिले तिथंच जायचं आणि त्यांना विचारल्याशिवाय घशातून दुर्बीण घालू द्यायची नाही. अन्ननलिका हृदयाच्या मागेच चिकटून असते, तिला इजा झाली असेल तर दुर्बिणीनं जीवावर बेततं.

नातवानं दिलेल्या घड्याळात ठोक्यांचा आलेख निघतो. धडधड झाली की मी अर्ध्या मिनिटाची पट्टी काढते आणि डॉक्टरांना पाठवते. बाबा, तुम्हाला आवडेल म्हणून सांगते. हॉलंडमधल्या आइंटहोवेननं १९०५ मध्ये इस्पितळातल्या रुग्णाचा आलेख टेलिफोनच्या तारेवरून दीड किलोमीटरवरच्या आपल्या प्रयोगशाळेत उमटवला होता. रुग्णाचे हातपाय मिठाच्या पाण्यात बुडवून! त्याला १९२४ चं नोबेल मिळालं. मी अंथरुणात बसून बोट टेकवते, तेवढंच. पण घड्याळ दिवसभर बघायचं नाही असं ठरवलंय. त्रास झाला तर बघायचं, नाहीतर नाही. रक्तदाबाचं यंत्रही एएफमध्ये दर वेळी वेगळं सांगतं, म्हणून लागोपाठ तीनदा घेऊन सरासरी काढायची. तुमच्या वहीत माझे जे आकडे लिहून ठेवलेत त्यातले निम्मे त्यामुळे बिनकामाचे आहेत. रागावू नका.

तेव्हा सकाळी फोन जरूर करा, ठोके सोडून काहीही विचारा. वरच्या खुणांपैकी काही झालं तर दादाला आधी कळेल आणि तो तुमच्यापासून लपवणार नाही. मी त्याच्याकडून तसं कबूल करून घेतलंय.

गौरी आवाहनाला मी येतेय. डॉक्टरांनी प्रवासाला हो म्हटलंय, हे गाडी चालवतील, वाटेत कराडला थांबू. शेपूची भाजी आणि भाकरीच्या नैवेद्यात माझं ताट धरा, मला सगळं चालतं. जड उचलायला नातू येतोय. मुखवट्यांची पेटी माळ्यावरून तोच काढेल. बाबा, तुम्ही शिडीला हात लावायचा नाही.

तुमची,
लेक