घरच्या संगणकाच्या पडद्याविषयी आई-बाबांना पत्र

तीर्थरूप आई-बाबांना शिरसाष्टांग नमस्कार.

आईने फोनवरून पाठवलेली संगणकाच्या पडद्याची छायाचित्रे मी मोठी करून नीट पाहिली. दुरुस्तीसाठी आलेल्या गृहस्थांनी ‘ग्राफिक्स कार्ड गेले आहे, आता नवा संगणकच घ्या’ असे सांगितल्यापासून बाबा अस्वस्थ आहेत. म्हणून सर्वांत आधी लिहिते की ते कार्ड, म्हणजे पडद्यावर चित्र उमटवणारा संगणकाचा भाग, गेलेले नाही अशी माझी जवळजवळ खात्री आहे, आणि एक रुपयाही खर्च करण्याआधी या पत्रात लिहिल्याप्रमाणे करून पाहावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे. हे सगळे मी फोनवरून तुमचा संगणक हाताळून केले असते. पण या कामात पडदा मध्येच काळा होतो आणि इंटरनेटही बंद ठेवावे लागते, त्यामुळे ऐन वेळी माझा हात तुमच्यापर्यंत पोहोचणार नाही. कागद मात्र समोर राहील. आई, तू एकेक वाक्य वाचून दाखव आणि बाबा, तुम्ही तेवढेच करून पुढच्या वाक्यासाठी थांबा.

कार्ड शाबूत आहे असे मी का म्हणते, ते सांगते. तुमच्या मॉनिटरची वायर संगणकाच्या मागे ग्राफिक्स कार्डावरच्याच खाचेत लावलेली आहे, हे आईच्या छायाचित्रात स्पष्ट दिसते. कार्ड खरोखर बंद पडले असते, तर त्या वायरीतून पडद्यावर काहीच आले नसते. तुमच्याकडे चित्र येते आहे. फक्त अक्षरे अवाढव्य आणि फाटलेली दिसतात, आईचे कीर्तनाचे व्हिडिओ अडखळत चालतात आणि बाबांनी मोडी कागदांचे स्कॅन मोठे करून पाहायला घेतले की पान सरकायलाच वेळ लागतो. ही सगळी लक्षणे कार्ड मेल्याची नसून कार्डाला त्याचा ड्रायव्हर न मिळाल्याची आहेत. ड्रायव्हर म्हणजे विंडोज आणि कार्ड यांच्यामधला दुभाष्या. तो नसला की विंडोज ‘मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अ‍ॅडॉप्टर’ नावाच्या कामचलाऊ सोयीवर भागवून नेते. तिच्यात चित्र दिसण्यापुरते काम होते; व्हिडिओ उलगडण्याचे जे काम एरवी कार्ड करते, ते मग सगळे प्रोसेसरच्या अंगावर पडते आणि तो धापा टाकू लागतो.

आता त्या गृहस्थांचा गैरसमज कुठून झाला ते पाहा, कारण सगळे उत्तर तिथेच आहे. त्यांनी आधीचा ड्रायव्हर काढून टाकला आणि कार्डातली चिप बनवणाऱ्या एनव्हिडिया कंपनीचा सर्वांत ताजा ड्रायव्हर बसवायला घेतला. त्यावर ‘सुसंगत ग्राफिक्स हार्डवेअर सापडले नाही’ अशा अर्थाचे इंग्रजी वाक्य पडद्यावर आले. ते वाचून कार्डच नाहीसे झाले असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात ड्रायव्हरच्या प्रत्येक संचात, तो कोणकोणत्या कार्डांसाठी आहे याची यादी असते. बसवणारा प्रोग्राम संगणकातल्या कार्डाचा क्रमांक त्या यादीशी ताडून पाहतो आणि तो यादीत नसेल तर हे वाक्य दाखवून थांबतो. तुमचे कार्ड जीफोर्स जीटी ७३० आहे. ही कार्डे २०१४ साली बाजारात आली आणि ताज्या ड्रायव्हरच्या यादीतून ती कधीच वगळली गेली आहेत. म्हणजे कार्ड जागेवर आहे, यादी मात्र दुसऱ्यांची आहे. नवे तेच योग्य ही समजूत इतर ठिकाणी चालत असेल, ड्रायव्हरच्या बाबतीत ती चालत नाही. जुन्या कार्डाला त्याच्या काळचा शेवटचा ड्रायव्हरच हवा.

यात आणखी एक मेख आहे, आणि तिच्यापायी जाणकार माणसेही चकतात. जीटी ७३० या एकाच नावाने दोन वेगवेगळ्या पिढ्यांच्या चिप विकल्या गेल्या. एक ‘फर्मी’ पिढीची, दुसरी तिच्यानंतरच्या ‘केप्लर’ पिढीची. खोक्यावरचे नाव तेच, पण दोघींचे ड्रायव्हर निराळे. फर्मीसाठीचा शेवटचा ड्रायव्हर ३९१.३५ हा २०१८ सालचा आहे. केप्लरसाठी ४७० या मालिकेतले ड्रायव्हर शेवटचे ठरले. त्यामुळे नुसते नाव वाचून ड्रायव्हर निवडणे धोक्याचे आहे, आणि तुमच्या कार्डात कोणती चिप आहे हे संगणकालाच विचारावे लागेल.

ते असे विचारायचे. डाव्या कोपऱ्यातल्या विंडोजच्या चिन्हावर माऊसचे उजवे बटण दाबले की एक यादी उघडते. तीत ‘डिव्हाइस मॅनेजर’ आहे. त्यात ‘डिस्प्ले अ‍ॅडॉप्टर्स’ या ओळीवर दोनदा टिचकी मारली की खाली जे नाव दिसेल, त्यावर पुन्हा दोनदा टिचकी मारावी. जी खिडकी उघडेल तिच्यात ‘डीटेल्स’ हा भाग निवडून, मधल्या पट्टीत ‘हार्डवेअर आयडीज’ हा पर्याय घ्यावा. खाली लांबलचक अक्षरांच्या काही ओळी येतील. त्यांतली फक्त पहिली ओळ पाहा. तिच्यात ‘व्हीईएन’ या तीन अक्षरांपुढे १०डीई असेल. ती एनव्हिडियाची खूण आहे. त्याच ओळीत पुढे ‘डीईव्ही’ असे लिहिलेले दिसेल आणि त्याच्यापुढे चार खुणा असतील. आई, त्या चार खुणा तू या पत्राच्या समासात लिहून ठेव. त्या १२८७ असतील तर कार्ड केप्लरचे आहे. ०एफ०२ असतील तर फर्मीचे. यांहून वेगळे काही दिसले, तर तिथेच थांबून मला फोन करा.

ड्रायव्हर तुम्ही कुठूनही उतरवून घेऊ नका. कुरियरने पाठवलेल्या पेन ड्राइव्हमध्ये मी दोन फोल्डर केले असून त्यांना याच खुणांची नावे दिली आहेत. दोन्हींतल्या फाइली एनव्हिडियाच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून घेतलेल्या आहेत. जी खूण समासात लिहिली असेल, त्याच नावाचा फोल्डर उघडायचा. तिसरा ‘राखीव’ नावाचा फोल्डर तूर्त उघडू नका.

कामाला सुरुवात दुपारी करावी, वीज जाण्याचा संभव कमी असतो तेव्हा. यूपीएस चालू आहे ना, हे आधी पाहून घ्यावे. ड्रायव्हर अर्धा बसलेला असताना वीज गेली तर सगळे पहिल्यापासून करावे लागते. बाबांच्या स्कॅनची एक प्रत दुसऱ्या पेन ड्राइव्हवर काढून ठेवावी. या कामात फाइलींना काही होत नाही, तरीही ते कागद पुन्हा मिळणारे नाहीत. मग राउटर बंद करावा. हे महत्त्वाचे आहे, कारण इंटरनेट चालू राहिले तर विंडोज मध्येच आपल्या मनाने दुसरा ड्रायव्हर आणून बसवू लागते आणि दोघांची टक्कर होते.

यानंतर सेटिंग्जमधल्या ‘अ‍ॅप्स’च्या यादीत एनव्हिडियाच्या नावाने सुरू होणारे जे जे असेल ते एकेक करून काढावे, आणि संगणक एकदा बंद करून चालू करावा. आता पेन ड्राइव्हमधल्या योग्य फोल्डरमधली फाइल उघडा. परवानगी विचारली की ‘येस’ म्हणा. पुढे ‘एक्सप्रेस’ आणि ‘कस्टम’ असे दोन पर्याय येतील. त्यांतला ‘कस्टम’ घेऊन, खाली ‘क्लीन इन्स्टॉलेशन’च्या चौकटीत खूण करून पुढे जा.

आता ज्या क्षणी तुम्ही घाबराल, त्याविषयी सविस्तर लिहिते. बसवण्याचे काम चालू असताना पडदा अचानक काळा होईल. कधी एकदा, कधी दोन-तीनदा. कधी मॉनिटर ‘सिग्नल नाही’ असेही दाखवील. ते ठरल्याप्रमाणेच घडत असते, कारण जुनी कामचलाऊ सोय बाजूला सारून नवा ड्रायव्हर पडद्याचा ताबा घेत असतो. बाबा, अशा वेळी तुमचा हात आपसूक संगणकाच्या बटणाकडे जाईल. कृपा करून ते बटण दाबू नका. पाच मिनिटे शांतपणे थांबा. तेवढ्यानेही चित्र आले नाही, तर कळफलकावरची विंडोजच्या चिन्हाची कळ, कंट्रोल आणि शिफ्ट या तिन्ही एकत्र दाबून धरा आणि बी दाबा. एक बारीक ‘बीप’ ऐकू येईल आणि पडदा लुकलुकेल. या कळांनी संगणक बंद होत नाही, फक्त ग्राफिक्सचा ड्रायव्हर नव्याने चालू होतो, आणि पुष्कळदा चित्र तेवढ्याने परत येते. तीन कळा धरायला बाबांची बोटे पुरली नाहीत तर चौथी कळ आईने दाबावी.

काम पुरे झाले की संगणक पुन्हा एकदा बंद करून चालू करावा आणि मग डिव्हाइस मॅनेजरमध्ये जीटी ७३० हे नाव दिसते का ते पाहावे. दिसले तर काम झाले. मात्र तेव्हा अक्षरे एकदम बारीक झालेली दिसतील आणि आई म्हणेल की यापेक्षा आधीचेच बरे होते. तिचे डोळे दुखू नयेत म्हणून सेटिंग्जमध्ये ‘सिस्टिम’ आणि मग ‘डिस्प्ले’ उघडा. तिथे ‘रिझोल्यूशन’ १९२० गुणिले १०८० असेच राहू द्या आणि त्याच्या वरचे ‘स्केल’ १२५ किंवा १५० टक्के करा. रिझोल्यूशन कमी केले तर अक्षरे मोठी होतात पण धूसर दिसतात. स्केल वाढवले तर ती मोठीही होतात आणि कडा रेखीव राहतात. मोडी वाचताना हा फरक तुम्हाला लगेच जाणवेल.

नाव दिसले पण त्यावर पिवळा त्रिकोण असला, तर त्यावर दोनदा टिचकी मारून आतला ‘कोड’ वाचावा. ३१ किंवा ३९ असेल तर जुन्या ड्रायव्हरचे अवशेष आड येत असण्याचा संभव आहे. त्यांच्यासाठी ‘राखीव’ फोल्डरमध्ये ते अवशेष मुळापासून काढणारा एक छोटा प्रोग्राम ठेवला आहे. तो सेफ मोडमध्ये, म्हणजे विंडोज अगदी मोजक्या ड्रायव्हरांवर चालू असताना, चालवायचा असतो. शिफ्ट दाबून धरून ‘रीस्टार्ट’ केले की निळ्या पडद्यावर ‘ट्रबलशूट’, ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’, ‘स्टार्टअप सेटिंग्ज’ या वाटेने जाऊन, तिथले ‘रीस्टार्ट’ दाबून मग ४ हा आकडा दाबल्यावर सेफ मोड मिळतो. पण अनेक जण पहिल्याच पायरीला हा उपाय सांगतात ते मला पटत नाही, आणि गरज पडलीच तर तेवढा भाग आपण फोनवर बोलत बोलत करू. कोड ४३ असेल तर मात्र गोष्ट वेगळी आहे. त्याचा अर्थ कार्डानेच काहीतरी बिघाड कळवला आहे, आणि तेव्हा सगळा दोष ड्रायव्हरवर टाकता येणार नाही. कोकणातल्या पावसाळ्यात कार्डाच्या सोनेरी दातांवर दमटपणा आणि धूळ बसते. वीज पूर्ण तोडून, कार्ड काढून, दात कोरड्या मऊ कापडाने पुसून ते पुन्हा घट्ट बसवले तर चालू होण्याची आशा असते. हे काम शेजारच्या मुलाला सांगावे. बाबांनी टेबलाखाली वाकू नये.

सगळे ठीक झाले की राउटर चालू करण्याआधी एक शेवटची गोष्ट करावी. शोधपट्टीत ‘डिव्हाइस इन्स्टॉलेशन सेटिंग्ज’ असे लिहून जी खिडकी येईल तिच्यात ‘नो’ निवडून जतन करावे, म्हणजे विंडोज आपण होऊन ड्रायव्हर बदलण्याचा संभव पुष्कळ कमी होतो. तरीही पुढे कधी अपडेटनंतर पडदा बिघडलाच, तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्याच कार्डाच्या ‘ड्रायव्हर’ या भागात ‘रोल बॅक ड्रायव्हर’ असे बटण आहे. त्याने आधीचा ड्रायव्हर परत येतो.

आई, हे खास तुझ्यासाठी. ‘तुमचा ड्रायव्हर जुना झाला आहे’ असे सांगत पडद्यावर उघडणाऱ्या चौकटींवर टिचकी मारायची नाही. विंडोजच्या कंपनीतून बोलतो असे सांगणारा फोन आला, तर कोणताही आकडा किंवा ओटीपी न सांगता तो ठेवून द्यायचा. अशा कंपन्या आपण होऊन घरी फोन करत नाहीत. चुकून काही घडलेच तर लगेच १९३० या सायबर गुन्ह्यांच्या क्रमांकावर कळवायचे आणि मग मला. मी रागावेन का, याचा विचार करत बसायचे नाही.

नव्या संगणकाचा विषय कधीतरी येणार आहे, हेही लपवत नाही. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि तुमचा प्रोसेसर इतका जुना आहे की त्यावर विंडोज ११ अधिकृतपणे बसत नाही. सुरक्षेच्या वाढीव अपडेटची १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची सोय आहे, तिच्यासाठी तुमची नोंद मी करून देते. पुढची खरेदी आपण तिघे मिळून, किमती पाहून करू. दुरुस्तीला आलेल्या त्या गृहस्थांनी पुन्हा विचारले तर मुलीला विचारून कळवतो, एवढेच सांगा.

पेन ड्राइव्ह हाती पडला की कळवा. येत्या रविवारी मी दुपारभर घरीच आहे. सुरुवात करण्याआधी एक फोन करा आणि समासात लिहिलेल्या त्या चार खुणा मला वाचून दाखवा, मग फोल्डर उघडा.

तुमची लेक