कृत्तिका, मोतीबिंदू आणि माझी दोन वर्षं

प्रिय आई, प्रिय बाबा,

फोनवर काही सांगायला गेलं की आई तू मधेच "बरं बरं, जेवलीस का" म्हणतेस आणि बाबा तुम्ही "हे घे, आईशी बोल" म्हणून फोन देऊन मोकळे होता, म्हणून लिहितेय. दादा मोठ्या अक्षरात प्रिंट काढून आणेल. शेवटपर्यंत वाचा, अर्ध्यावर ठेवून दादाला फोन लावू नका, त्याला सगळं माहितीये आणि त्याला मीच गप्प बसायला सांगितलंय, त्यामुळे त्याच्यावर चिडायचं नाही.

आधी मुख्य बातमी. इथलं, अमेरिकेतल्या इथाकाचं, काम दोन वर्षांनी वाढलंय आणि मी हो म्हणून टाकलंय. म्हणजे दिवाळीला कायमची येणार होते ते आता नाही. दिवाळीला सुट्टी काढून येईनच, तिकिटाचं बघतेय.

आता लगेच असं समजू नका की मला इकडचं जास्त आवडायला लागलं. बाबा, तुम्हीच आठवून बघा, काकांचा टोमॅटोचा प्लॉट करप्यानं आठवड्यात बसला होता तेव्हा तुम्ही रात्रभर ओट्यावर बसून होता आणि काका काही बोलतच नव्हते. मी त्याच करप्यावर काम करतेय. जी रोपं आम्ही लावलीयत त्यांचा निकाल एका हंगामात कळत नाही, दोन-तीन हंगाम बघावे लागतात, आणि आत्ता सोडून आले तर हे सगळं दुसऱ्या कुणाच्या तरी नावावर जाईल. पैशाचा विषय मी काढत नाहीये कारण तुम्हाला राग येतो, पण तोही आहेच, दादानं एकट्यानं किती दिवस हप्ते भरायचे. आणि आत्याचं जे झालं तसं माझं होणार नाही ना, ही भीती तुम्हा दोघांच्या मनात आहे हे मला माहितीये, कुणी बोलत नसलं तरी.

हे तुम्हाला सोपं करून सांगायला मी आपण रविवारी बघतो त्या विश्वावरच्या 'कॉसमॉस' सिरीजमधलाच हिशोब वापरणार होते, तुम्हीच कालनिर्णयच्या मागच्या पानावर मांडला होता तो. विश्वाची १३.८ अब्ज वर्षं एका वर्षात बसवली तर एक दिवस म्हणजे जवळजवळ पावणेचार कोटी वर्षं, आणि एक सेकंद म्हणजे साधारण ४३८ वर्षं. तुम्ही व्हिडिओ कॉलवर ओरडून सांगितलं होतं, "अगं, शिवनेरीवर महाराज जन्मले त्याला अजून एक सेकंदसुद्धा झाला नाही!" आणि मागून वहिनी म्हणाली, मामा, हळू, पिंट्या झोपलाय. तर त्या हिशोबानं माझी दोन वर्षं म्हणजे डोळ्याची पापणी लवायच्या आत संपतात, असं मी लिहिणार होते. पण आईचं उत्तर मला पाठ आहे. आई म्हणेल, तुमच्या टीव्हीतल्या कॅलेंडरात नको बघू, माझ्या कालनिर्णयात बघ, दुधाचे खाडे लिहिते त्यात. म्हणून राहू दे. दोन वर्षं म्हणजे दोन वर्षं.

पण एक सांगू का, हे रविवारचं सिरीज बघणं सुरू झाल्यापासून मला घर जवळ वाटायला लागलंय. तुमच्याकडे रात्रीचे साडेआठ, माझ्याकडे सकाळचे दहा, मी चहा घेऊन बसते, तुम्ही जेवून सतरंजीवर, आणि तीन-दोन-एक म्हणून एकदम प्ले दाबायचं. खरं सांगायचं तर मी अर्धा वेळ सिरीज बघतच नाही, माझी २०१४ सालीच बघून झालीये, हॉस्टेलवर सगळ्यांनी मिळून बघितली होती. मी तुम्हाला बघते. आई दर दोन मिनिटांनी "थांबवा, थांबवा, काय म्हणाला तो मिशीवाला" आणि बाबा तुम्ही त्या मिशीवाल्यानं, म्हणजे सिरीज सांगणाऱ्या नील टायसननं, एका वाक्यात सांगितलेलं पाच वाक्यांत सांगता, त्यातली दोन तुमच्या पदरची असतात. पंचेचाळीस मिनिटांचा भाग आपल्याकडे दोन तास चालतो.

पहिल्या भागात ब्रूनोचं, त्या इटलीतल्या विचारवंताचं, कार्टून आलं तेव्हा आई तू पदर तोंडाला लावून बसलीस. १६०० साली रोममध्ये जिवंत जाळला त्याला. मी म्हटलं होतं की इथले बरेच इतिहासाचे अभ्यासक त्या कार्टूनवर नाराज होते, कारण त्याच्यावरचा खटला जास्त करून धर्माच्या मतांवरून होता, आकाशाबद्दल बोलला एवढ्यावरून नाही, आणि सिरीजनं त्याला सरळ विज्ञानाचा हुतात्मा करून टाकलं. तर तू म्हणालीस, "म्हणजे देवाबद्दल बोलला म्हणून जाळलं तर चालतंय होय? आमच्या तुकोबांच्या निदान वह्याच बुडवल्या, त्याही वर आल्या." मी हे आमच्या लॅबमध्ये सांगितलं, समजावायला दहा मिनिटं लागली पण पोरं खूश झाली.

आणि बाबा, तुम्ही तर टीव्हीशी भांडता. बिग बँग, म्हणजे महास्फोटातून विश्व सुरू झालं हे, आलं की सुरूच, "नारळीकर सरांनी इंग्लंडच्या हॉइल साहेबांबरोबर वेगळं मांडलं होतं, त्यांचे आक्षेप कुणी सांगायचे?" बरोबर आहे तुमचं, सर शेवटपर्यंत प्रश्न विचारत राहिले. गेल्या वर्षी मे महिन्यात ते गेले तेव्हा तुम्ही पेपरातलं कात्रण काढून देव्हाऱ्याशेजारच्या फडताळात ठेवलंत हे आईनं सांगितलं मला. तुमची दुसरी तक्रार, की जगभरातल्या दुर्बिणी येतात आणि आपल्या खोडदच्या रेडिओ दुर्बिणीचं नाव अजून कसं नाही. पंचेचाळीस मीटरच्या तीस तबकड्या, आपल्या घरापासून एवढ्याशा अंतरावर, त्याही गोविंद स्वरूपांनी तारांवर जाळी ताणून केलेल्या, म्हणजे वारा आरपार जातो आणि वजनही कमी, खर्चही कमी. हे तुम्ही मला स्कूटरवर पुढे उभी करून सांगायचात, विज्ञान दिनाच्या प्रदर्शनाला नेताना, आणि मला त्यातलं फक्त भेळ खायची एवढंच कळायचं. तरी सातव्या भागात पेट्रोलमधल्या शिशाचं आलं तेव्हा तुम्ही एकदम गप्प झालात. क्लेअर पॅटरसन पृथ्वीचं वय मोजायला गेला आणि त्याला जिकडेतिकडे शिसंच सापडलं, मग तेल कंपन्यांशी वर्षानुवर्षं भांडला. आपल्याकडे बिनशिशाचं पेट्रोल सगळीकडे २००० साली आलं हे तुम्हीच शोधून काढलंत आणि म्हणालात, "म्हणजे पोरांना पुढे उभं करून मी..." बाबा, प्लीज. तेव्हा सगळ्यांच्याच स्कूटर तसल्या होत्या. मला काहीही झालेलं नाही, गणितात कमी मार्क पडायचे ते माझ्या स्वतःच्या कर्तृत्वानं.

मला स्वतःला पहिल्या भागाचा शेवटच लागतो दर वेळी. टायसन सतरा वर्षांचा होता, ब्राँक्समधला मुलगा, खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगननं त्याला बोलावलं, डिसेंबर १९७५, सगळीकडे बर्फ, अख्खा दिवस लॅब दाखवली, पुस्तक सही करून दिलं, संध्याकाळी बसस्टँडवर सोडायला आला आणि घरचा नंबर लिहून दिला, बस नाही सुटली तर फोन कर, आमच्याकडे राहा. ते हेच गाव, इथाका. म्हणून सांगते, काळजी करू नका, इथली माणसं अजूनही तशी आहेत. परवा बस बंद पडली तर आमच्या प्रोफेसरबाईंनी घरी सोडलं आणि वर सूप दिलं.

आता माझ्या खाण्यापिण्याचं. ज्वारीचं पीठ मिळतं, जरा जुनं असतं पण भाकरी होते, माझ्या भाकऱ्या आता फुगतातसुद्धा, फोटो पाठवलाय. हीटर भिंतीत आहे, रात्री पांघरूण फेकून द्यावं लागतं. बूट आत लोकर असलेले घेतलेत. तू दिलेला मसाला पुरवून पुरवून वापरतेय. घरमालकीण आजी एकटीच आहेत, त्यांना मी चहात आलं घालायला शिकवलंय. रविवारी आपला भाग संपला की गावात चक्कर मारते. इथे सेगनच्या नावानं सूर्यमालेचा रस्ता केलाय, चौकात सूर्य, तिथून तीस मीटरवर पृथ्वी, अडीच मिलिमीटरची, आणि प्लूटो जवळजवळ बाराशे मीटरवर, म्हणजे आपल्या घरून एसटी स्टँडला जाऊन थोडं पुढं. त्याच मापानं पुढचा तारा ठेवायला त्यांना पार हवाई बेटांवर जावं लागलं. बाबा, तुम्ही आलात की आपण सूर्यापासून प्लूटोपर्यंत चालत जाऊ, आईला मधे शनीजवळ बसवू, तिचा गुडघा.

येणार आहातच ना? पासपोर्टचं दादा बघतोय.

हां, आता मूळ मुद्द्यावर येते, चिडू नका. मागच्या रविवारी आठवा भाग झाला, कृत्तिकांचा आणि ताऱ्यांचा अभ्यास करणाऱ्या सिसिलिया पेनचा. तिनं १९२५ साली प्रबंधात लिहिलं की तारे मुख्यतः हायड्रोजनचेच आहेत, तेव्हाचे मोठे खगोलशास्त्रज्ञ रसेल साहेब, त्यांनी सांगितलं हे शक्य नाही, आणि तिला स्वतःच्याच हातानं लिहावं लागलं की हे बहुतेक खरं नसावं. चार वर्षांनी रसेल साहेबांना तेच उत्तर मिळालं. ती हार्वर्डला प्रोफेसर झाली १९५६ मध्ये. आई तू काहीच बोलली नाहीस, फक्त टीव्ही बंद केलास आणि म्हणालीस, चला गच्चीवर. मला कळलं तुला काय आठवलं. डीएडचा तो कागद अजून ट्रंकेत आहे ना.

तर गच्चीवर. लाइट गेलेली, म्हणून आकाश छान होतं. आई तू फोन वर करून मोजत होतीस, "पाच... सहा. सात म्हणतात पण मला सहाच." आणि बाबा तुम्ही लगेच, "हो हो, सहा." तेवढ्यात आईनं विचारलं, कुठंयत, बोट करा बरं. मला स्क्रीनवर फक्त तुमचं बोट दिसलं, बॅटरीच्या उजेडात, आणि ते हळूहळू फिरत होतं, आईच्या हाताच्या दिशेनं. मग तुम्ही म्हणालात ढग आलाय. बाबा, ढग नव्हता.

तो मोतीबिंदू आहे. दादानं मागे दाखवलं तेव्हाच डॉक्टर म्हणाले होते पिकत आलाय, आणि तुम्ही ते "बघू उन्हाळ्यात" करून ठेवलंत. मी आणि दादानं तारीख घेतलीये, २८ जानेवारी, बुधवार. २६ ला शाळेत झेंडावंदनाला जाऊन या, भाषण करा, जिलेबी खाऊ नका, शुगर जागेवर नसेल तर डॉक्टर परत पाठवतील. ऑपरेशन अर्ध्या तासाच्या आतलं असतं, टाके नसतात, त्याच दिवशी घरी. पैसे भरलेत. त्यामुळे आता "कशाला एवढा खर्च" हे म्हणायची सोयच ठेवलेली नाही.

ऑपरेशननंतर थेंब वेळेवर घालायचे, वहिनी मोबाइलला अलार्म लावून देईल. डोळा चोळायचा नाही, डोक्यावरून पाणी घ्यायचं नाही, वाकून बादली उचलायची नाही, आई तू लक्ष ठेव आणि ते तुझ्यावर ओरडले तर मला मेसेज कर. तुझ्या गोळ्यांचं पण बोलायचंय, अर्धी गोळी घेऊन "बरं वाटतंय" म्हणून सोडून द्यायची नाही.

आणि बाबा, रात्री बॅटरी घेऊन बांधावर तारे बघायला जायचं एकदम बंद. हे आईनं मला सांगितलं नाही, दादानं सांगितलं, तिच्यावर जाऊ नका. ऊसतोड चालू आहे, ऊस तुटला की बिबट्या मोकळ्यावर येतो हे मी तुम्हाला सांगायचं का? जुन्नर तालुक्यात राहून? दिव्याचा उजेड डोळ्यावर येतो म्हणताय तर गच्चीत टाकीच्या मागच्या बाजूला बसा, तिथं खांबाचा दिवा दिसत नाही, मी दहावीत असताना तिथंच बसायचे. स्वेटर घालून. जिना चढताना कठडा धरून.

मला माहितीये की हे वाचून तुम्ही म्हणणार, स्वतः सात समुद्रापलीकडे बसून ऑर्डरी सोडतेय. सोडतेय. तिथं असते तरी सोडल्या असत्या, फक्त आई माझ्या हातात भाजीची पिशवी देऊन गप्प करती.

ऑपरेशनच्या आठवड्यात रविवारचा भाग चुकवायचा नाही. डॉक्टर टीव्ही नको म्हणाले तर बाबांनी डोळे मिटून फक्त ऐकायचं आणि भाषांतर करायचं, आणि पडद्यावर काय दिसतंय ते आईनं सांगायचं. २८ फेब्रुवारीपर्यंत डोळा मस्त झालेला असेल, दादाची गाडी घेऊन खोडदच्या प्रदर्शनाला जा, मला तिथून कॉल करा, आणि भेळ खा.

तुमची,
मनू

ता. क. आई, घरमालकीण आजींसाठी दादाच्या पार्सलमधून कुरडया पाठव, थोड्या. आणि बाबा, प्रिंटच्या मागच्या कोऱ्या बाजूवर उत्तर लिहा, चार ओळी का होईना, फोटो काढून वहिनी पाठवेल. रागावला असाल तर तेही लिहा, पण २८ तारीख बदलणार नाही.