कमलापूरच्या पाटकरी अण्णांना

अण्णा,
स. न. वि. वि.

१५६५ च्या तालिकोटच्या लढाईनंतर विजयनगर, म्हणजे आजचं हंपी, ओस पडलं, असं सगळीकडे छापलेलं असतं. राजवाड्यांपुरतं ते खरंच आहे. पण विरूपाक्षाचं देऊळ आणि राजवाड्यांचा परिसर यांच्या मधल्या खोऱ्यात तुर्तू कालवा आजही वाहतो, त्यावर केळी आणि भात पिकतो. तुंगभद्रेतले खडक नि बेटं यांचाच आधार घेऊन बंधारे घालायची ती जुनी रीत. या राजधानीचा हा भाग अजून कामावर आहे, तो पाटाचं पाणी सांभाळणाऱ्या तुमच्यासारख्या पाटकऱ्यांमुळे. हे तुम्ही समजावून दिलंत, म्हणून हे पत्र.

आधी तूबूबद्दल, म्हणजे तळ्यातलं पाणी सोडायच्या जुन्या दगडी दाराबद्दल. तळ्यात उभे असलेले दोन दगडी खांब आणि त्यांना जोडणाऱ्या आडव्या पट्ट्या पाहून पर्यटकांना ती पडकी कमान वाटते. पट्ट्यांना भोकं का, हे कुणी विचारतच नाही. त्या भोकांतून दांडा खाली जातो, त्याच्या टोकाचा बूच तळातल्या मोरीच्या तोंडावर बसतो. दांडा उचलला की पाणी सुटतं. सगळी भोकं मोरीच्या तोंडाशी ओळंब्यात हवीत. खांब किंचित कलला तरी दांडा अडतो, बूच तिरका बसतो आणि पाणी झिरपत राहतं. अशा वेळी जोर लावून ओढलं की पट्टीच तडकते. आधी बुडाचा गाळ काढा, मग दांड्याला हात लावा, हे तुमचं सांगणं आम्ही पुढे प्रत्येकाला सांगतो.

भरावातल्या खेकड्याच्या बिळांचंही तसंच. नुसतं तोंड लिंपलं तर पाणी आतून वाट काढतं आणि एक दिवस भराव खचतो. बीळ शेवटापर्यंत उकरायचं, ओलसर चिकणमाती थराथराने ठोकत भरायची. काढलेला गाळ काठावर ठेवायचा नाही, पहिल्याच पावसात तो परत पाटात येतो. एका जागी जास्त खोल खणायचंही नाही. तिथे पाणी तुंबतं, उतार बिघडतो, शेवटच्या शेतकऱ्याची पाळी कोरडी जाते.

आणि गवत जाळायचं नाही! आगीने ग्रॅनाइटचे पापुद्रे सुटतात. सांध्यातलं पिंपळाचं रोप बोटाएवढं असतानाच मुळासकट काढायचं. मूळ जाड झाल्यावर ओढलं तर दगडही सोबत येतो.

संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नवं बांधकाम करता येत नाही, त्यापुढच्या २०० मीटरांत परवानगी लागते. गावाला हे जाचक वाटतं, आणि घर वाढवायचं असलेल्या माणसाची अडचण खोटी नाही. तरीही जुन्या दगडांवर सिमेंट फासायची घाई कुणी केली की तुम्ही त्याला थांबवता. त्याबद्दल वेगळे आभार.

कमलापूरचं तळं यंदाही भरो.

आपले,
हंपीच्या पाण्याचा अभ्यास करणारे आम्ही सर्व