वादळानंतर कोणती घाई करावी आणि कोणती करू नये

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

चक्रीवादळ किनाऱ्याला धडकते तेव्हा वाऱ्याचा वेग, वादळाचा मार्ग, उडालेली छपरे यांची बित्तंबातमी आपल्या वृत्तपत्रात येते आणि वारा ओसरला की चार-पाच दिवसांत ती बातमीही ओसरते. ज्यांच्या घरात पाणी शिरलेले असते, त्यांचे काम मात्र तेव्हा कुठे सुरू होते. त्या कामाविषयी मराठीत फारसे लिहिले जात नाही, म्हणून हा पत्रप्रपंच. मी स्थापत्य अभियंता आहे आणि इमारतींच्या दुरुस्तीत माझी बरीच वर्षे गेली आहेत. पण या विषयाने मनात घर केले ते धाकट्या भावामुळे. त्याचे घर अमेरिकेच्या आखाती किनाऱ्यावर आहे. आपण ज्याला चक्रीवादळ म्हणतो, त्याच प्रकारच्या वादळाला वाऱ्याचा वेग ताशी ११९ किलोमीटरच्या घरात पोचला की तिकडे हरिकेन म्हणतात.

त्याच्या घरात गुडघाभर पाणी आले होते. पाणी उतरल्यावर कंत्राटदाराने तीन आठवड्यांत भिंतींचे जिप्सम बोर्ड (तिकडच्या घरांत भिंतीच्या लाकडी सांगाड्यावर ठोकलेले पातळ तक्ते) बदलले, रंग दिला आणि घर राहण्याजोगे करून दिले. चार महिन्यांनी भिंतींच्या तळाशी काळे डाग उमटू लागले, खोल्यांना कुबट वास येऊ लागला आणि पुतणीचा खोकला थांबेना. भिंती पुन्हा उघडल्या तेव्हा आतले उष्णतारोधक अस्तर अजून ओलेच होते आणि लाकडी उभ्या पट्ट्यांवर बुरशीचा थर चढला होता. सगळे काम दुसऱ्यांदा करावे लागले, आणि तेही विम्याचे पैसे संपल्यावर. कंत्राटदाराने फसवले असे मी म्हणणार नाही. घाई सर्वांनाच होती. मीही फोनवरून त्याला ‘लवकर आटपून घे’ असेच सांगत होतो, याची मला आजही खंत वाटते.

ओल्या घरात बुरशी धरायला २४ ते ४८ तास पुरतात. त्यामुळे घाई करायची ती ओले सामान बाहेर काढण्याची. गालिचे, गाद्या, भिजलेले जिप्सम बोर्ड आणि त्यामागचे अस्तर यांचा मोह सोडावा, कारण सच्छिद्र वस्तूच्या आत शिरलेली बुरशी वरवर पुसून जात नाही. जिप्सम बोर्ड पाणी वर शोषतो, म्हणून भिंतीवर पाण्याची जी रेघ दिसते तिच्या बरेच वरपर्यंत तो कापून काढावा लागतो. मात्र हे सारे काढण्यापूर्वी प्रत्येक खोलीची, पाण्याच्या रेघेची आणि निकामी झालेल्या प्रत्येक वस्तूची छायाचित्रे घेऊन ठेवावीत. साफसफाई झाल्यावर नुकसान सिद्ध करणे फार अवघड जाते. तळघर असेल तर त्यातले पाणी एका दमात उपसू नये. बाहेरची माती पाण्याने जड झालेली असते, आतला पाण्याचा आधार एकदम काढला की भिंत आत कोसळू शकते. रोज साधारण एक तृतीयांश पाणी काढणे ही सुरक्षित रीत आहे.

आणि घाई करायची नाही ती भिंत पुन्हा बंद करण्याची. लाकूड हाताला कोरडे लागले म्हणजे आतून वाळले असे नसते. ओलावा मोजण्याचे छोटे उपकरण मिळते, त्याचे टोक लाकडात खुपसून आकडा पाहावा. तो साधारण १५ टक्क्यांच्या आसपास उतरेपर्यंत भिंत उघडीच ठेवावी. हवामान दमट असेल तर यात कित्येक आठवडे जातात. उघड्या सांगाड्याच्या घरात राहणे किती जिवावर येते हे मी भावाच्या घरी पाहिले आहे, तरीही ही प्रतीक्षा टाळू नये असेच मी सांगेन.

वादळानंतरचे दिवस वादळाइतकेच घातक असू शकतात. कॅरिबियन समुद्रातील पोर्टो रिको या अमेरिकेच्या अखत्यारीतील बेटावर सप्टेंबर २०१७ मध्ये मारिया वादळ आले. तिथला अधिकृत मृतांचा आकडा आधी ६४ होता. पुढे अभ्यासाअंती तो २,९७५ करण्यात आला. वीज आणि औषधोपचार महिनोन्‌महिने नसल्याने जे गेले, त्यांची नोंद पहिल्या आकड्यात झालेलीच नव्हती. २०२० च्या लॉरा वादळानंतर अमेरिकेच्या लुइझियाना राज्यात जनरेटरमधून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडने अनेकांचा बळी घेतला. या वायूला ना वास असतो ना रंग. जनरेटर घरात, गॅरेजमध्ये किंवा ओसरीवर कधीही चालवू नये. दारे-खिडक्यांपासून निदान सहा मीटर दूर, उघड्यावरच ठेवावा. घराची वीज पुन्हा सुरू करण्याआधी जाणकार वायरमनकडून तपासणी करून घ्यावी आणि पाण्याखाली गेलेले ब्रेकर वाळवून वापरण्याऐवजी बदलून टाकावेत, विशेषतः पाणी समुद्राचे असेल तेव्हा, कारण मिठाने सुरू झालेला गंज पाणी ओसरल्यावरही थांबत नाही.

कागदपत्रांचा प्रश्न मला अभियांत्रिकीइतकाच महत्त्वाचा वाटतो. अमेरिकेत घराच्या सर्वसाधारण विम्यात पुराचे नुकसान सहसा धरले जात नाही. त्यासाठी वेगळी पॉलिसी घ्यावी लागते. त्यामुळे २००५ च्या कॅटरिना वादळानंतर घर वाऱ्याने पडले की पाण्याने, यावर न्यायालयांत दीर्घकाळ वाद चालले. पोर्टो रिकोत तर पिढ्यान्‌पिढ्या एकाच घरात राहणाऱ्या कुटुंबांकडे मालकीचा कागद नव्हता, म्हणून फेमा या संघराज्य आपत्ती-व्यवस्थापन संस्थेने त्यांतील अनेकांचे अर्ज फेटाळले. मालकीचा इतर प्रकारचा पुरावा आणि स्वतःचे प्रतिज्ञापत्र चालेल, असा बदल या संस्थेने २०२१ मध्ये केला. तोवर चार वर्षे उलटली होती. २०२२ मध्ये फिओना वादळ आले तेव्हाही तिथल्या काही घरांवर छपराच्या जागी निळ्या ताडपत्र्याच होत्या. हे वाचताना मन विषण्ण होते. मदत देताना पुरावा मागणे रास्त आहे, पण ज्याचे घरच वाहून गेले त्याच्याकडे घरात ठेवलेला कागद मागणे मला अन्यायाचे वाटते.

आता पुनर्बांधणीविषयी. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे वेग दुप्पट झाला तर दाब चौपट होतो. शिवाय वारा छप्पर केवळ ढकलत नाही, तो ते वर खेचतो. एखादी खिडकी किंवा गॅरेजचे मोठे दार फुटले की वारा आत शिरून छपराला खालूनही रेटतो, आणि मग छप्पर जाते. ऑगस्ट १९९२ मध्ये दक्षिण फ्लोरिडात आलेल्या अँड्र्यू वादळानंतर पडलेल्या घरांची पाहणी झाली, तेव्हा कित्येक ठिकाणी छपराच्या फळ्यांचे खिळे वाशांत गेलेच नव्हते, बाजूने हवेतच राहिले होते, असे आढळले. लाकूड पुरेसे होते, सांधा नव्हता. त्या अनुभवातून फ्लोरिडाने सबंध राज्यासाठी एकच बांधकाम संहिता तयार केली आणि ती मार्च २००२ पासून लागू झाली.

म्हणून वादळाने छप्पर उघडले असेल तर ते झाकण्यापूर्वी प्रत्येक वासा भिंतीला गॅल्व्हनाइज्ड पट्टीने बांधून घ्यावा आणि भिंत पायाशी बोल्टने जखडावी. छपरापासून पायापर्यंतची ही साखळी कुठेही तुटता कामा नये. या पट्ट्यांचा खर्च साऱ्या दुरुस्तीच्या मानाने किरकोळ असतो, पण छप्पर एकदा बंद झाले की त्या बसवणे कटकटीचे आणि महागाचे होऊन बसते. संपूर्ण छप्पर नव्याने करायचे असेल तर दुपाखीपेक्षा चौपाखी छप्पर वाऱ्यात सहसा अधिक तग धरते, तेवढे ध्यानात ठेवावे. पुराच्या पट्ट्यातले घर पुरेसे उंच नसेल आणि दुरुस्तीचा खर्च त्याच्या बाजारमूल्याच्या निम्म्याहून अधिक होत असेल, तर अमेरिकेत ते आजच्या नियमांप्रमाणे उंच उचलावे लागते. अनेकांना हा नियम जाचक वाटतो. मला तो योग्य वाटतो, कारण १९०० च्या वादळात हजारो माणसे गमावलेल्या टेक्सासमधील गॅल्व्हेस्टन शहराने समुद्राकाठी भिंत तर बांधलीच, शिवाय दोन हजारांहून अधिक इमारती जॅक लावून उचलल्या आणि त्यांच्याखाली वाळूचा भराव घातला. हे काम कित्येक वर्षे चालले आणि त्या काळात लोक लाकडी फळ्यांच्या उंच वाटांवरून ये-जा करत होते.

तेव्हा संपादक महोदय, माझी आपल्याला विनंती एवढीच, की यापुढे कुठेही असे वादळ आले तर तीन महिन्यांनी आपला प्रतिनिधी पुन्हा तिथल्या घरांत जावा. किती भिंती वाळल्या, किती अर्ज कागदाअभावी फेटाळले गेले आणि किती छपरांवर अजून ताडपत्री आहे, एवढे तीन प्रश्न त्याने विचारावेत आणि मिळालेली उत्तरे, पहिल्या दिवशीच्या छायाचित्रांना दिली होती तेवढीच जागा देऊन, आपण छापावीत.

कळावे,
आपला नम्र,
एक निवृत्त स्थापत्य अभियंता