व्यसनमुक्ती केंद्रांची यादी तहसीलच्या फलकावर लावा

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी माझं औषधांचं दुकान आहे. दारू सोडवायचं औषध मागायला येतात त्या बहुतेक बायका असतात आणि दुकानात गर्दी नसेल अशी वेळ बघून येतात. विचारायची पद्धतही ठरलेली. ‘‘दादा, चहात टाकून देता येईल असं काही आहे का? त्यांना कळू द्यायचं नाहीये.’’

असं औषध मिळतं हा समज एसटी स्टँडच्या भिंतींपासून मोबाइलपर्यंत सगळीकडच्या जाहिरातींनी पसरवलाय. डायसल्फिराम नावाचं औषध आहे आणि ते उपयोगाचंही आहे. पण ते घेतलेल्या माणसाच्या पोटात दारू गेली तर तोंड लालबुंद होतं, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो. कधी माणूस दगावतोही. म्हणून ते पिणाऱ्याला सांगून, त्याची तयारी असेल तरच आणि डॉक्टरांच्या देखरेखीत द्यायचं असतं. मी नाही म्हटलं की त्या मुकाट्याने निघून जातात. काही महिन्यांनी कानावर येतं, नवऱ्याला किंवा पोराला सेंटरला ठेवलंय.

कसं ठेवतात ते आमच्या गल्लीनेच बघितलं. रात्री उशिरा एका घरासमोर बोलेरो थांबली. चौघे उतरले, झोपलेल्या पोराचे हात मागे बांधले आणि घेऊन गेले. आईने तीन महिन्यांचे पैसे आगाऊ भरले होते. त्यासाठी कानातलं मोडलं होतं. पहिला महिना भेट नाही, फोन नाही, असं तिला बजावलेलं. तिच्याकडची पावती मी वाचली. वर संस्थेचं नाव, खाली ‘शंभर टक्के व्यसनमुक्तीची हमी’. नोंदणी क्रमांक नाही, डॉक्टरचं नाव नाही. केंद्राचं नाव मी लिहीत नाही, कारण अशी पावती देणारं ते एकटंच नाही.

अशाच एका केंद्रात कामाला असलेला पोरगा मध्यंतरी डायझेपामच्या, म्हणजे दारू तोडताना देतात त्या गुंगीच्या गोळ्यांच्या, पट्ट्या मागायला आला. चिठ्ठी नव्हती. मी विचारलं, डॉक्टर कोण आहेत? ‘‘डॉक्टर रविवारी येतात.’’ त्या दिवशी मंगळवार होता. डायझेपाम आणि त्याच जातीचं क्लोरडायझेपॉक्साइड ही औषधं शेड्यूल एच-वनमध्ये, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत अशा कडक नोंदीच्या औषधांच्या सरकारी यादीत, येतात. २०१४ पासून ती विकताना डॉक्टरचं नाव, रुग्णाचं नाव, औषध आणि संख्या वेगळ्या नोंदवहीत लिहावी लागते आणि ती वही तीन वर्षं जपावी लागते. मी दिलं नाही. तो पुढच्या चौकात गेला आणि त्याला मिळालं.

डॉक्टर रविवारी येत असतील तर बाकीचे सहा दिवस काय होतं हे लोकांना सांगायला हवं. बरीच वर्षं रोज पिणाऱ्याची दारू एकाएकी तोडली की सहा ते चोवीस तासांत हात थरथरू लागतात, घाम फुटतो, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान काहींना भ्रम होतो. भिंतीवर किडे चालताना दिसतात, मेलेला बाप हाका मारतो, ताप चढतो, माणूस कुणाला ओळखेनासा होतो. याला डिलिरियम ट्रेमेन्स म्हणतात आणि वेळेत उपचार झाले नाहीत तर त्यात माणूस मरूही शकतो. जिथे डॉक्टर नाही तिथे याला ‘नाटकं’ म्हणतात. अशक्तपणा आला म्हणून नुसतं ग्लुकोज चढवलं आणि बी-१ जीवनसत्त्वाचं इंजेक्शन दिलंच नाही, तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. ते इंजेक्शन काही महाग नाही, पण ते द्यायचं असतं हे माहीत असलेला माणूस तिथे हवा.

कायदा याबाबतीत मुका नाही. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा २९ मे २०१८ पासून लागू आहे. त्यात मानसिक आजाराच्या व्याख्येतच दारू आणि अमली पदार्थांच्या गैरवापराशी जोडलेल्या अवस्था धरल्या आहेत. म्हणजे अशा रुग्णांना ठेवून घेऊन उपचार करणारं केंद्र राज्याच्या मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदवलेलंच पाहिजे. कलम ९५ ने रुग्णाला साखळदंड घालायला सरळ बंदी आहे. वाजवी वेळी भेटीचा आणि फोनचा हक्कही कायद्याने दिलाय.

यावर घरचे लोक विचारतील, आणि त्यांचं चुकत नाही, की तो आपल्या पायांनी कधी जाणार? बायकोचं डोकं फोडून झाल्यावर? माझंही मत असं की सगळ्यांच्या बाबतीत राजीखुशीची वाट बघत बसता येत नाही. पण त्याचीही वाट कायद्यात आहे. कलम ८९ नुसार नामनिर्देशित प्रतिनिधीच्या, म्हणजे रुग्णाने नेमलेल्या किंवा कायद्याने ठरणाऱ्या जवळच्या माणसाच्या, अर्जावरून दाखल करता येतं. त्यासाठी एक मानसोपचारतज्ज्ञ आणि दुसरा मानसिक आरोग्य व्यावसायिक किंवा डॉक्टर अशा दोघांनी, त्याच दिवशी किंवा आधीच्या सात दिवसांत, रुग्णाला स्वतंत्रपणे तपासलेलं असलं पाहिजे. मुदत तीस दिवसांची. मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाला सात दिवसांत कळवायचं, बाई किंवा अल्पवयीन मूल असेल तर तीन दिवसांत. बोलेरोतून आलेल्या चौघांत मानसोपचारतज्ज्ञ कोणता होता?

आणि नोंदणीविना केंद्र चालवलं तर? पहिल्या वेळी दंड पाच हजारांपासून पन्नास हजारांपर्यंत. नुसते पाच हजार बसले तर एका रुग्णाच्या आगाऊ घेतलेल्या पैशांतूनही ते सहज निघतील.

चांगलं केंद्र कसं असतं ते महाराष्ट्राला शिकवायला नको. अनिल अवचट आणि डॉ. अनिता अवचट यांनी २९ ऑगस्ट १९८६ रोजी पुण्यात, येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात ‘मुक्तांगण’ सुरू केलं. पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांची देणगी त्यामागे होती. तिथला मुक्काम पाच आठवड्यांचा. आधी शरीरातली नशा उतरवायचे वैद्यकीय उपचार, मग गट-उपचार, समुपदेशन, व्यायाम. स्वच्छतेची कामं स्वतः रुग्णांनीच करायची. घरच्यांसाठी वेगळ्या बैठका. तिथून बरे झालेले लोक पुढे तिथेच समुपदेशक झाले. स्त्रियांसाठी ‘निशिगंध’ हा वेगळा विभाग आहे. आमच्याकडच्या बाईला व्यसन लागलं तर जिल्ह्यात कुठे न्यावं हे मला आजही सांगता येत नाही.

पण प्रत्येक जण पुण्याला कसा जाणार? ‘एम्स’च्या राष्ट्रीय व्यसन उपचार केंद्राने केलेल्या सर्वेक्षणाचा अहवाल २०१९ मध्ये आला. दारूवर अवलंबून असलेल्या अडतीस जणांपैकी एकालाच काही ना काही उपचार मिळतात आणि दाखल होऊन उपचार घेणारा एकशेऐंशींत एक, असं त्यात म्हटलंय. उरलेले एकशेएकोणऐंशी हीच या बोलेरोवाल्यांची बाजारपेठ आहे. सरकारी व्यवस्था जिथे पोचत नाही तिथे कुणीतरी दुकान थाटणारच.

पैशाची गोष्टही निघालीच पाहिजे. याच कायद्याच्या कलम २१ मध्ये लिहिलंय की विमा कंपन्यांनी मानसिक आजारावरच्या उपचारांसाठी शारीरिक आजारांप्रमाणेच विम्याची तरतूद करावी. माझ्या आरोग्य विम्याच्या कागदात मात्र वगळलेल्या बाबींच्या यादीत बारावा संकेतांक आहे: दारू, अमली पदार्थ किंवा कुठल्याही व्यसनावरचे उपचार आणि त्यांचे परिणाम. विमा नियामकाने २०१९ मध्ये वगळण्याच्या कलमांची जी ठरावीक भाषा करून दिली, तीतच हे आहे. एक कायदा म्हणतो आजार आहे, पॉलिसी म्हणते आमचा संबंध नाही, आणि मधल्या मधे आईचं कानातलं जातं.

आणखी एक धोका केंद्रातून बाहेर पडल्यावरचा आहे. गर्द किंवा अफूच्या जातीची इतर नशा करणारा काही आठवडे दूर राहिला की शरीराची सहनशक्ती उतरते. घरी येऊन त्याने जुनाच डोस घेतला तर श्वास थांबू शकतो. कोणत्याही केंद्राने पोराला घरी सोडताना हे आईबापांना समोर बसवून सांगायला हवं. पुढच्या तपासणीची तारीख हातात द्यायला हवी. आमच्या गल्लीतला पोरगा तीन महिन्यांनी घरी आला तेव्हा त्याच्याकडे साधा डिस्चार्जचा कागदही नव्हता. कुठली औषधं दिली, किती दिली, कशावर थांबवली, काहीच नाही. आईने पिशवीतून काढून मला एक अर्धी पट्टी दाखवली. नाव असलेला भाग कापून टाकलेला.

मागण्या मोठ्या नाहीत. जिल्ह्यातल्या नोंदणीकृत केंद्रांची यादी, नोंदणी क्रमांक आणि तिथल्या मानसोपचारतज्ज्ञाच्या नावासह, तहसील कार्यालय, ग्रामीण रुग्णालय आणि पोलीस ठाण्याच्या फलकावर लावावी आणि दर तीन महिन्यांनी बदलावी. शेजारी केंद्र सरकारच्या व्यसनमुक्ती हेल्पलाइनचा १४४४६ हा क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहावा. उपजिल्हा रुग्णालयात दारू तोडण्याच्या पहिल्या आठवड्यासाठी चार-सहा खाटा राखून ठेवल्या तरी मरण टळेल. पुढचं समुपदेशन नंतर कुठेही होऊ द्या.

आणि अन्न व औषध प्रशासनाने घाऊक विक्रेत्यांची डायझेपामची बिलं आणि आम्हा किरकोळ दुकानदारांच्या एच-वन नोंदवह्या एकदा समोरासमोर ठेवून ताडाव्यात. नोंदीविना माल कोणत्या दुकानातून गेला ते कळेल, आणि तिथून तो कोणत्या केंद्रात गेला हे शोधायला फार दिवस लागणार नाहीत. सुरुवात माझ्या दुकानापासून केली तरी चालेल.

आपला,
एक औषध विक्रेता
(नाव व गाव छापू नये, ही विनंती.)